आणायला कोण जाणार?

१९७९ सालच्या जुलै महिन्यात आम्ही नऊ वर्षांचे होतो. त्या पावसाळ्यात आमच्या गावी भातलावणीइतकीच चर्चा आणखी एका गोष्टीची होती. स्कायलॅब पडणार! अमेरिकेने आकाशात सोडलेले सुमारे पाऊणशे टन वजनाचे घराएवढे यंत्र खाली येणार आणि ते कोठे पडेल ते कुणालाच सांगता येत नाही, असे वर्तमानपत्रात आले होते. आमच्या आळीतल्या एका काकांनी ‘आता ठेवायच्या कुणासाठी?’ असे म्हणत खुराड्यातल्या कोंबड्या दोन दिवसांत संपवल्या. आजीने आम्हां भावंडांना माळ्यावर न निजवता खालच्या खोलीत भिंतीच्या कडेला निजवले. पाऊणशे टनांपुढे माळा काय आणि खालची खोली काय, असे तिला विचारण्याची कुणाची छाती नव्हती. ११ जुलैच्या रात्री ते यंत्र कोसळले ते हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडील ओसाड रानात. तेथील एस्परन्स गावच्या स्थानिक संस्थेने उघड्यावर कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलर दंड ठोठावला, हे आम्ही पुष्कळ वर्षांनी वाचले आणि पोटभर हसलो. काकांच्या कोंबड्यांची भरपाई मात्र कुणी मागितली नाही.

असो. सांगायचे ते हे की स्कायलॅब म्हणजे आकाशातून पडलेली एक वस्तू, एवढीच आमची समजूत पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षे टिकून होती. त्या घरात माणसे राहून गेली होती, आणि ती माणसे वर अडकली तर त्यांना आणायला जाण्यासाठी खाली पृथ्वीवर कुणीतरी कंबर कसून उभे होते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. ते ठाऊक झाले आमच्या धर्मग्रामातील एका आठवीतल्या मुलामुळे.

२०२४ सालच्या ऑगस्टमधील ती गोष्ट. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर हे दोघे ५ जून रोजी बोइंग कंपनीच्या स्टारलायनर या नव्या यानातून निघाले होते. जायचे होते आठवडाभरासाठी. यानातील हेलियम वायू गळू लागला, दिशा सांभाळणारी काही छोटी इंजिने वाटेतच रुसली आणि दोघांचा मुक्काम लांबत गेला. रविवारी मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात हा मुलगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, “फादर, त्यांना आणायला कोण जाणार, हे त्या वर जायच्या आधीच ठरलेलं नसतं का?” आम्ही म्हटले, “ठरलेलं असेलच.” तो म्हणाला, “असेल. पण तुम्हांला माहीत आहे का?”

सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांची वर्षानुवर्षे घोकंपट्टी केलेल्या माणसाला ‘माहीत नाही’ हे दोन शब्द उच्चारण्याची सवय राहत नाही. त्या दिवशी ते उच्चारावे लागले. पुढच्या रविवारी उत्तर देतो, असे आम्ही कबूल केले. प्रत्यक्षात आम्हांस त्यासाठी बरेच महिने लागले.

प्रथम हाती आला तो १९६८ सालचा आंतरराष्ट्रीय करार. अंतराळवीरांची सुटका करणे व त्यांना मायदेशी परत पाठवणे, असा त्याचा विषय. २२ एप्रिल १९६८ रोजी त्यावर सह्या झाल्या. वाचून आम्हांस बरे वाटले. परंतु कलमे पाहिली तर त्यांचा रोख मुख्यतः परक्या भूमीवर वा भर समुद्रात येऊन पडलेल्या अंतराळवीरांकडे आहे. वर अडकलेल्याला खाली आणायचे तर नुसता करार पुरत नाही, त्यासाठी यान लागते. तेही कारखान्यात अर्धवट जोडलेले नव्हे, तर निघण्याच्या बेतात उभे असलेले.

असे यान पहिल्यांदा ठेवले गेले ते त्याच स्कायलॅबसाठी. १४ मे १९७३ रोजी ही प्रयोगशाळा वर गेली. तिच्यात तीन-तीन जणांच्या तीन तुकड्या एकामागून एक राहणार होत्या. प्रत्येक तुकडी अपोलो यानातून जायची, ते यान प्रयोगशाळेला जोडून ठेवायची आणि आठवड्यांनंतर त्यातूनच परतायची. आता तेच यान बिघडले तर? चंद्रावर गेलेल्यांसाठी या प्रश्नाला उत्तर नव्हते, म्हणून तो फारसा विचारलाही जात नसे. येथे मात्र तो आधीच विचारला गेला. प्रयोगशाळेला दुसरे यान येऊन जोडता यावे म्हणून कडेला आणखी एक दार ठेवण्यात आले. अपोलो यानात आसने तीन. तेव्हा आतले सामानाचे कप्पे काढून त्या तीन आसनांखाली आणखी दोन बसवता येतील अशी सामग्री तयार करण्यात आली. दोघांनी जायचे, पाचांनी यायचे. कुंभमेळ्याला सोडलेल्या जादा गाडीसारखा हा बेत वाचून आम्हांस मोठी गंमत वाटली.

गंमत फार दिवस टिकली नाही. २८ जुलै १९७३ रोजी अॅलन बीन, ओवेन गॅरियट आणि जॅक लूस्मा ही दुसरी तुकडी निघाली. यानाला दिशा देणाऱ्या छोट्या इंजिनांचे चार संच असतात. पहिल्याच दिवशी, प्रयोगशाळेजवळ पोहोचता पोहोचता, त्यांपैकी एक गळू लागला. २ ऑगस्टला दुसरा गळाला. दोन्ही गळती एकाच कारणाने असतील तर उरलेले दोनही जातील, ही धास्ती होती. तेव्हा कागदावरचा बेत उघडण्यात आला. पुढच्या तुकडीसाठी जुळवणी चालू असलेले यान सुटकेसाठी घ्यायचे ठरले, कामगारांच्या पाळ्या रात्रंदिवस चालू झाल्या आणि ऑगस्टच्या मध्यास तो अग्निबाण फ्लोरिडातील उड्डाणतळावर जाऊन उभा राहिला. जाणारे दोघे होते व्हॅन्स ब्रँड आणि डॉन लिंड.

या दोघांपाशी आम्ही फार वेळ रेंगाळलो, हे कबूल केले पाहिजे. कारण त्यांच्यावर दोन कामे एकाच वेळी सोपवलेली होती, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध होती. एक, सुटकेच्या उड्डाणाचा सराव करणे. दुसरे, सरावयंत्रात तासन्‌तास बसून हे शोधणे की वरचे तिघे आपल्या लंगड्या यानातूनच, उरलेल्या दोन संचांवर, सुखरूप उतरू शकतील काय. त्यांनी पद्धती बसवल्या, पुनःपुन्हा करून पाहिल्या आणि उतरता येईल असे दाखवून दिले. मग सुटकेचे उड्डाण कशाला? ते रद्द झाले. वरच्या तिघांनी काम पुरे केले आणि ५९ दिवसांनी, २५ सप्टेंबर रोजी, त्याच यानातून ते समुद्रात उतरले.

डॉन लिंड हे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक. त्यांची निवड १९६६ साली झालेली. चंद्राच्या शेवटच्या काही मोहिमा काटकसरीत गेल्या, तशी त्यांची चंद्राची आशाही गेली. स्कायलॅबवर ते राखीव गडी होते. मुख्य गड्यांपैकी कुणी आजारी पडले नाही. आणि आता प्रत्यक्ष जाण्याची घडी आली, तर न जाण्याचे गणित त्यांनाच मांडावे लागले. त्या गणितात त्यांनी एखादी शंका जराशी ताणून धरली असती, तर कुणाच्या ध्यानी आले असते? त्यांनी ती ताणली नाही. ब्रँड यांना १९७५ साली अमेरिकन व रशियन यानांच्या भेटीच्या मोहिमेवर जाता आले. (दोन्ही देशांच्या यानांना एकमेकांच्या दाराला जोडता यावे, प्रसंगी एकाने दुसऱ्याच्या माणसांना सोडवावे, हा त्या भेटीमागचा एक हेतू होता.) लिंड यांना मात्र २९ एप्रिल १९८५ पर्यंत थांबावे लागले. निवड झाल्यापासून १९ वर्षे! लोक आम्हांस धीराविषयी प्रवचन करायला सांगतात, तेव्हा आम्ही हल्ली थोडे बिचकतो.

येथवर वाचून झाल्यावर आम्हांस ज्याची भीती वाटत होती ते प्रकरण समोर आले. कोलंबिया.

१ फेब्रुवारी २००३, शनिवार. आम्ही तेव्हा एका मोठ्या धर्मग्रामात सहायक होतो. संध्याकाळची मिस्सा आटोपून बाहेर आलो, तर समोरच्या घरात दूरदर्शन संचाभोवती गर्दी झालेली. कोलंबिया यान परतताना टेक्सासच्या आकाशात विखुरले. कर्नालची कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. दुसऱ्या दिवशीच्या प्रवचनात आम्ही तो विषय घेतला आणि सांगितले की सारे क्षणार्धात घडले, मनुष्याच्या हाती काही उरले नव्हते. देवळात बायका डोळे पुसत होत्या. प्रवचन चांगले झाले, असे पुष्कळांनी सांगितले.

ते खरे नव्हते. घडले ते क्षणार्धात नव्हे, सोळा दिवसांत. १६ जानेवारीला उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरील फेसाचा एक तुकडा निखळून यानाच्या डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. दुसऱ्या दिवशी चित्रफितीत तो दिसला. काही अभियंत्यांनी विनवले की कक्षेतल्या यानाच्या पंखाची छायाचित्रे मिळवावीत. ती मागणी वरच्या पातळीवर थांबली. २३ जानेवारीला यानातल्यांना कळवण्यात आले की असा तुकडा आदळला आहे, परंतु चिंतेचे कारण नाही.

पुढे चौकशी मंडळाने नासाला विचारले: समजा, पहिल्या आठवड्यातच कळले असते, तर काय करता आले असते? कोलंबियाला आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाकडे जाणे शक्य नव्हते. तिची कक्षा निराळी होती आणि तितके इंधनही नव्हते. परंतु फ्लोरिडात अटलांटिस हे यान १ मार्चच्या उड्डाणासाठी तयार होत होते. तीन पाळ्यांत, आठवड्याचे सातही दिवस काम केले असते, तर ते १० फेब्रुवारीच्या सुमारास निघू शकले असते. वर कोलंबियात माणसे किती दिवस तगली असती? अन्नपाण्यापेक्षा प्रश्न होता उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेणाऱ्या डब्यांचा. हालचाल कमी ठेवली असती तर ते १५ फेब्रुवारीपर्यंत पुरले असते. म्हणजे मध्ये उरत होते चार-पाच दिवस. चौघांना घेऊन अटलांटिसने कोलंबियाजवळ जायचे, दोन्ही यानांनी सामानाचे कक्ष समोरासमोर धरून तरंगायचे आणि सातही जणांना अंतराळपोशाख चढवून एकेकाला, दोघादोघांना पलीकडे न्यायचे. कामाचा एक दिवसही वाया जाऊ न देता, कोठेही अडथळा न येता. अतिशय कठीण, परंतु अशक्य नव्हे, असा निष्कर्ष निघाला.

वाचकहो, आम्ही ते पान वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले. चार-पाच दिवस! आणि आम्ही देवळात उभे राहून सांगितले होते की काही उरले नव्हते.

त्या काळी नासात जबाबदारीच्या पदावर असलेल्या वेन हेल यांनी दहा वर्षांनंतर एक आठवण लिहिली. कोलंबिया वर असतानाच एका वरिष्ठाने त्यांना म्हटले होते की उष्णता रोखणाऱ्या कवचाला इजा झालीच असेल, तर आपण काहीच करू शकत नाही. मग त्यांना कळवून काय मिळणार? हवा संपेपर्यंत मरणाची वाट पाहत बसण्यापेक्षा, काम यशस्वी झाल्याच्या आनंदात परतताना अवचित मरण आलेले त्यांनाही बरे वाटणार नाही का? हेल यांनी प्रांजळपणे लिहिले आहे की त्या घडीला आपल्यालाही ते खोडून काढता आले नाही. असे बोलणारा माणूस क्रूर नव्हता. आम्हांस तर तो फार ओळखीचा वाटला.

कारण तसे बोलणारे एकदा आम्हीच होतो. कोलंबियानंतर सात-आठ वर्षांनी, आम्ही दुसऱ्या धर्मग्रामात असताना, केळीची वाडी असलेले एक वृद्ध गृहस्थ आजारी पडले. आजार काय ते मुलांना कळले होते. त्यांना कळवलेले नव्हते. थोरला मुलगा दारातच आम्हांस गाठून म्हणाला, “फादर, बाबांना काही सांगू नका. आता करण्यासारखं काही राहिलं नाही. उगाच जिवाला घोर.” आम्ही मान डोलावली. दर शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद घेऊन जात असू. तीन-चार वेळा ते आम्हांस म्हणाले, “फादर, खाडीपलीकडे धाकट्या भावाकडे एकदा जाऊन यायचं मनात आहे.” विहिरीच्या वाट्यावरून दोघांत अठरा वर्षे अबोला होता, हे आम्हांस माहीत होते. आम्ही म्हटले, “पाऊस ओसरू द्या, मग जा. घाई काय आहे?” ऑगस्टच्या अखेरीस ते गेले. अंत्यविधीनंतर दफनभूमीच्या फाटकापाशी त्यांच्यासारख्याच चेहऱ्याचा एक म्हातारा आमच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने एवढेच विचारले, “फादर, तुम्हांला माहीत होतं?”

खाडीवरून रिक्षाने अर्धा तास. करण्यासारखे काही राहिले नाही, असे आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवले होते. आजाराखेरीज आणखी काही करण्यासारखे आहे का, हे कुणी पाहिलेच नव्हते. आम्ही तर त्यांचे म्हणणे स्वतःच्या कानांनी ऐकले होते.

आता नासाकडे परत येऊ. कोलंबियानंतर तेथे नियमच झाला. २००५ साली उड्डाणे पुन्हा सुरू झाली तेव्हापासून प्रत्येक शटलमागे पुढचे शटल सुटकेसाठी नेमून ठेवू लागले. वरच्यांनी तोवर अंतराळस्थानकात आसरा घ्यायचा. खरी अडचण होती ती हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीची. ती दुर्बीण वेगळ्याच कक्षेत, तेथून स्थानक गाठता येत नाही. म्हणून जानेवारी २००४ मध्ये नासाच्या प्रमुखांनी ती मोहीमच रद्द केली. खगोलशास्त्रज्ञ हळहळले. २००६ साली नव्या प्रमुखांनी ती पुन्हा मंजूर केली, आणि त्यामुळे २००९ च्या मे महिन्यात एक विलक्षण दृश्य दिसले: एका तळावरून अटलांटिस हबलकडे निघाले आणि शेजारच्या तळावर एन्डेव्हर उभे राहिले, जाण्याची वेळ येऊ नये म्हणून तयार. त्याच्या चौघांचा सराव पूर्ण झालेला. त्यांनी जायचे ठरले असते तर परतताना एका यानात अकरा जण झाले असते. वेळ आली नाही. अटलांटिस २४ मे रोजी सुखरूप उतरले.

त्या राखीव चौघांचे प्रमुख होते ख्रिस फर्ग्युसन. ८ जुलै २०११ रोजी शटलचे अखेरचे उड्डाण झाले, त्याचेही नेतृत्व त्यांच्याकडेच आले. या खेपेस मागे एकही शटल उरले नव्हते. म्हणून सातांऐवजी चौघेच गेले. बिघाड झालाच असता तर रशियन सोयूझ यानांतून एकेकाने, वर्षभराच्या अवधीत परतायचे होते. त्यासाठी चौघांच्या मापाचे रशियन पोशाख व आसनाचे साचे आधीच करून घेतले होते. सोयूझमध्ये प्रत्येकाचे आसन त्याच्या अंगाच्या मापाने ओतलेले असते. उतरताना बसणारा दणका त्यामुळे सोसतो. हा साचा म्हणजे त्या माणसाची परतीची जागा. डिसेंबर २०२२ मध्ये स्थानकाला जोडलेल्या एका सोयूझचे शीतक द्रव्य गळून गेले, तेव्हा फ्रँक रुबियो यांचा साचा उचलून शेजारच्या अमेरिकन यानात नेऊन ठेवला होता, आणीबाणीपुरता. फेब्रुवारी २०२३ मध्ये एक सोयूझ रिकामे वर पाठवले गेले. रुबियो आणि त्यांचे दोन रशियन सोबती त्यातूनच, ३७१ दिवसांनी परतले.

हे सारे घेऊन आम्ही त्या मुलापुढे बसलो. तोवर तो नववी संपवून दहावीत गेला होता आणि सुनीता विल्यम्स परतूनही बरेच महिने झाले होते. आम्ही त्याला सांगितले की त्यांना आणायला कुणी धावून गेले नाही. जे यान जाणारच होते, त्यातल्या चौघांपैकी दोघांना खाली ठेवले. २८ सप्टेंबर २०२४ रोजी ते दोन आसने रिकामी घेऊन गेले आणि १८ मार्च २०२५ रोजी चौघांना घेऊन उतरले. दोन माणसांची पाळी चुकली, हेही सांगितले. मधल्या तीन आठवड्यांत, स्टारलायनर रिकामे परतल्यानंतर आणि नवे यान येण्याआधी, स्थानक सोडावे लागले असते तर? तर दोघांनी दुसऱ्या चौघांच्या यानात, सामान ठेवण्याच्या जागी फेसाच्या गाद्या अंथरून पडायचे, असे ठरले होते.

“म्हणजे ठरलेलं होतं,” तो म्हणाला.

“आधी नव्हे. नंतर ठरवलं. पण ठरवलं.”

तो काही वेळ गप्प बसला. मग त्याने आम्हांस २०२५ च्या नोव्हेंबरमधील चिनी अंतराळवीरांविषयी विचारले. त्यांच्या परतीच्या यानाच्या खिडकीला तडा गेलेला आढळला, म्हणून ते तिघे नव्याने आलेल्या तिघांच्या यानातून १४ तारखेला खाली उतरले. हे त्याने वर्तमानपत्रात वाचले होते. “मग ज्यांचं यान दिलं, त्या तिघांना खाली यायला काय उरलं?”

आम्ही सांगितले की तडा गेलेले यान उरले. चीनने पुढचे यान आणि अग्निबाण राखून ठेवलेला होता; तो घाईने सज्ज करून २५ तारखेला रिकामे यान वर पाठवले.

त्याने बोटांवर मोजले. “अकरा दिवस,” तो म्हणाला, आणि वही उघडून त्याने ते लिहून घेतले.